आपल्या विहिरींच्या पाण्याबद्दल

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली आणि मी आता तुमच्याच शाळेत, तुमचाच विषय शिकवते. प्रयोगशाळेची खोली तीच आहे. एका भिंतीला पोषण आहाराच्या तांदळाची पोती लावलेली असतात, त्यामुळे उंदीर भरपूर आहेत. जीवशास्त्राची तेवढी सोय झाली म्हणायची. परीक्षानळ्या धुवायच्या नळाला पाणी येत नाही. याचं मला फार काही वाटत नाही, कारण सामान नाही म्हणून रडत बसायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. मला रडू येतंय ते वेगळ्याच गोष्टीचं.

नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. काकू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या आणि तुम्ही ओट्याशी उभे राहून जास्वंदाच्या पाकळ्या कोऱ्या कागदावर घासत होतात. कागद जांभळा होतो, लिंबू लावलं की लाल, चुन्याची निवळी लावली की हिरवा. "देवाला म्हणून एक फूल ठेवत न्हाईत," काकू म्हणाल्या. तुम्ही त्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, आगपेटीच्या रिकाम्या खोक्यात भरल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणालात, "प्रयोगाआधी पोरांना विचार, काय होईल. चुकू दे, भांडू दे. मग प्रयोग कर. आणि झाला की तू गप बस. सगळ्यात अवघड तेच आहे." मी नववीत असताना उत्तरासाठी तुमच्याकडे बघत राहिले म्हणून भर वर्गात ओरडला होतात, "माझ्या तोंडाकडं काय बघतेस? उत्तर बाटलीत आहे!" तेव्हा फार अपमान वाटला होता. आता वर्गात उभी राहते तेव्हा पन्नास तोंडं माझ्या तोंडाकडे बघत असतात आणि बाटलीकडे कुणीच बघत नाही.

यंदा नववीला सांगितलं, आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणा. काय होईल विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात, "काय न्हाई होनार, पानी उदासीन असतं." आता तुम्हाला आपलं पाणी माहीत आहे. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं उसावर ऊस घेतलेला, गोदावरीकडची निम्मी जमीन क्षार फुटून चोपण झालेली, पाण्याचा चहा केला तर तोंड वाकडं होतं. तुमच्यासारखीच केलेली जास्वंदाची पट्टी बुडवली आणि बघता बघता हिरवट झाली. मी गप बसले, तुम्ही सांगितलं होतं तशी. आणि पोरांनी माना खाली घालून वहीत लिहिलं, रंग बदलला नाही. हिरवी पट्टी समोर बाकावर पडलेली. एकाला विचारलं, अरे, हे काय लिहिलंस? तो म्हणाला, "गाईडमदी असंच हाय, मॅडम."

फक्त एका मुलीनं लिहिलं, हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी ती चुलत्याच्या विहिरीचं, शाळेजवळच्या बोअरचं आणि पावसाचं साठवलेलं अशी तीन पाणी घेऊन आली. पावसाच्या पाण्यात पट्टी हिरवी होईना. तिचे डोळे असे काही चमकले की काय सांगू! त्या दिवशी उसाच्या ट्रॉलीमागून स्कूटीवर घरी जाताना मी मोठमोठ्यानं गाणं म्हणत होते. वाटलं, एवढ्या वर्षांत एक तरी लागली हाताला.

नंतर तिनं नगरच्या एका वसतिगृहाच्या शाळेची प्रवेशपरीक्षा दिली. गावातून बाहेर पडायची तिला तेवढीच वाट आहे. पेपरात प्रश्न होता, पुढीलपैकी उदासीन पदार्थ कोणता? लिंबाचा रस, चुन्याची निवळी, विहिरीचं पाणी, यांपैकी नाही. तिनं 'यांपैकी नाही' असं उत्तर दिलं, ते चूक धरलं. एका मार्कानं प्रवेश हुकला.

तिचे वडील शाळेत आले. ते कारखान्यावर कामाला आहेत. टोपी काढून बसले, भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम, तुमी लई जीव लावून शिकिवता, त्याचं काय न्हाई. पन तिला पुस्तकातलं तेवढंच सांगा. आपलं पानी खारं हाय, ते आमाला काय ठावं न्हाई व्हय? पन पेपर काढनाऱ्यानं कुटं आमच्या हिरीचं पानी पिलंय?" मग उठता उठता म्हणाले, "फुडच्या म्हैन्यात आनखी एक परीक्षा हाय. त्यात लागली तर लागली, न्हाईतर तिच्या मामाकडनं एक स्थळ आलंय." नववीतली पोर, सर! मी त्यांना कायदा सांगितला, वय सांगितलं, हात जोडले. ते "व्हय, व्हय" म्हणत निघून गेले.

मला तुमचा राग येतो. तुमच्या पद्धतीनं शिकलेल्या मुलीनं बघून, पडताळून उत्तर लिहिलं आणि तीच मागे राहिली. गाईड पाठ केलेल्यांना काही झालं नाही. अशा वेळी मास्तरानं काय करायचं हे तुम्ही त्या ओट्याशी सांगितलं नव्हतंत. तुमच्यावर कधी अशी वेळ आलीच नसेल, किंवा आली असेल आणि तुम्ही मला बोलला नसाल.

काल शाळा सुटल्यावर ती आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "मॅडम, तसाच प्रश्न परत आला तर काय लिहू?"

मी म्हणाले, "विहिरीचं पाणी."

तिनं मान डोलावली आणि दप्तर खांद्याला लावून निघाली. हे पत्र कुठे टाकायचं असतं ते मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं. कारण तिनं मला "का?" असं विचारलं नाही, आणि सर, मला हायसं वाटलं.