कापडाखालची नावं

प्रिय पायल,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. फोन केला नाही, कारण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी 'काकू, मीटिंगमध्ये आहे' म्हणशील. पत्राला मीटिंग नसते. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. नाशिकचं घर हवेशीर आहे, नवे जावई शांत स्वभावाचे आहेत म्हणाली. ऐकून बरं वाटलं.

इकडे खरवईत समोर आणखी दोन टॉवर उठले, पाणी मात्र तेवढंच. माझ्या शेजारच्या तुमच्या घरात आता तुझी सासू भागीरथी एकटीच असते. मिलिंदचा फोटो हॉलमध्ये तू लावलास तिथेच आहे. तिच्या गुडघ्यांची कुरकुर चालूच, पण दर महिन्याला, मिलिंद गेला त्या तारखेला, ती चौकातल्या जवानांच्या स्मारकापाशी जाते म्हणजे जातेच. ओल्या फडक्यानं दगड पुसते, मिलिंदच्या नावावरून बोट फिरवते, मेणबत्ती लावते आणि घरी येते. लेकाला आंघोळ घालून आले, म्हणते.

तो दगड तुला आठवत असेल. वरच्या अर्ध्या भागात आपले नेते हेमचंद्रसाहेब, तळहाताएवढ्या अक्षरांत: संकल्पना त्यांची, शुभहस्ते त्यांच्या, सौजन्यही त्यांचंच. खाली उरलेल्या जागेत चार जवानांची नावं, नखाएवढी. उद्घाटनाच्या दिवशीच मी विचारलं होतं, सीमेवर गेले ते चौघं की हे? मला स्मारक समितीतून काढलं ते तेव्हा.

तर निवडणूक लागली. आचारसंहिता आली की पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्या झाकतात, हे तुला माहीत आहे. एक दिवस गाडी आली, दोघं उतरले आणि अख्ख्या दगडाला खाकी कापड गुंडाळून, सुतळीनं आवळून निघून गेले. त्यांना मी दोष देत नाही. पुढाऱ्याचं नाव झाकायचा हुकूम होता आणि नाव तिथे होतं. ज्यानं शहिदांच्या डोक्यावर स्वतःला कोरून घेतलं, त्याची ही करणी.

त्याच आठवड्यात मिलिंदचा यंदाचा स्मृतिदिन आला. भागीरथी फडकं घेऊन गेली आणि कोरड्या फडक्यानिशी परत आली. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "कुंदाताई, पोराला परत गुंडाळलाय वो." एवढंच. तिरंग्यातली पेटी घरी आली तेव्हा तू होतीस, तुला आणखी काय सांगू.

मी कात्री, सुई आणि दोरा घेतला. चौकात जाऊन कापड चाचपलं, साहेबांचं नाव संपतं तिथे आडवी चीर दिली आणि चौघांच्या नावांपुरती खिडकी कापली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आग्नेस कच्ची कड दिसली की सगळं उसवायला लावायच्या, म्हणून चारी कडा दुमडून शिवल्याही. भागीरथी कापड ताणून धरत होती. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "आंटी, ये क्या चल रहा है?" म्हटलं, टेलरिंग. मग भागीरथीनं दगड पुसला आणि मेणबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी मला चौकीत बोलावणं. फौजदार तुझ्या वयाचा. तक्रार आली आहे म्हणाला. म्हटलं, आधी बघून या. तो गेला, बघून आला. साहेब झाकलेले, जवान उघडे. नियम कुठेच मोडलेला नव्हता. "मॅडम, शिवलंय मात्र नीट," म्हणाला आणि चहा मागवला. चहा गोडमिट्ट होता, पण मी प्यायले.

त्यानंतर हेमचंद्रची माणसं फुलं घेऊन भागीरथीकडे आली. दगड झाकायला लावून विरोधकांनी शहिदांचा अपमान केला, असं वीरमातेनं मोबाईलसमोर म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. भागीरथी म्हणाली, "तुमच्या साहेबांचं नाव वर नसतं ना, तर माझ्या पोराला कापड लावायला कोण येणार होतं? घ्या, हे घ्या रेकॉर्डमध्ये." त्यांनी मोबाईल खिशात घातला, पण समोरच्या घरातल्या राजसीनं सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते अंबरनाथपर्यंत पोचलं. साहेब तरीही निवडून आले. लोकांबद्दल मी आता बोलणं सोडलंय. पण थोडी लाज शिल्लक असावी. नवा दगड बसवलाय, त्यावर फक्त चौघं, लांबून वाचता येतील असे. साहेबांचं नाव बागेतल्या बाकावर गेलंय. लोक त्यावर बसतात.

आता मुद्द्याचं. चारही घरांनी ठरवलं की नव्या दगडावरचा पडदा भागीरथीनं ओढायचा. ती म्हणाली, मी नाही, माझी सून ओढेल. त्यावर समितीतली एक शहाणी म्हणाली, ती आता दुसऱ्या घरची झाली. मागच्या कार्यक्रमात तुलाही हेच ऐकवलं होतं, आणि भागीरथी गप्प राहिली म्हणून तू समजलीस की तिचंही तेच मत आहे. या वेळी ती गप्प राहिली नाही. म्हणाली, "पोरीनं लग्न केलं ते चांगलंच केलं. मला बोलावलं नाही, हे माझं दुखणं आहे. तिचा तिथला हक्क काढून घेणारी तू कोण?" हे तुला ती स्वतः कधी सांगणार नाही. तुला हाक मारायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं तिनं ठरवून टाकलंय. तूही तिकडे तसंच काहीतरी ठरवून बसली असशील. दोघींच्या मधली भिंत माझ्या घराला लागून आहे, म्हणून मी लिहिते आहे. पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी. तू आलीस तरच पडदा निघेल. नवऱ्याला, देवदत्तलाही घेऊन ये. तो सुके बोंबील खातो का, असं भागीरथीनं मला दोनदा विचारलं. मला काय माहीत? ते तू तिलाच फोन करून सांग.

तुझीच, भिंतीपलीकडची
कुंदाकाकू