शबाना, आज मी फी मागितली

प्रिय शबाना,

तू गेल्यापासून बंद असलेली आपली खोली आज सकाळी उघडली. 'स्तनपान सल्ला केंद्र' या पाटीखाली अजून दोघींची नावं आहेत. आलेल्या पहिल्याच घरच्यांनी तुझं नाव काढलं आणि मी असं काही बोलून बसले, की तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

शिरोळचं ते घर आठवतं? बाळ पहिल्यांदा नीट प्यायलं आणि आजीबाई खण-नारळ घेऊन ओटी भरायला आल्या. तू म्हणालीस, "आजी, मी मुसलमान हाय."

"मग काय झालं? पोराला प्यायला लावलंस न्हवं? धर पदर!"

तू ओढणी पसरलीस. आपण हसत बाहेर पडलो, फीचा शब्दही न काढता. भरल्या ओटीनं पैसे मागायचे कसे?

मग घरोघरी तेच. बाईच्या श्रमाचं मोल द्या, असं मी सभांमधून गर्जत होते आणि खोलीचं भाडं तू दवाखान्यातल्या नोकरीच्या पगारातून भरत होतीस! मी चिडले की म्हणायचीस, "तुझं भाषण हॉलात ठेव गं. हितं बाळ उपाशी हाय."

बाळ उपाशी होतं, खरं. पण तू? दवाखान्यातली ड्यूटी संपली की गडमुडशिंगी, तिथून कागल. छातीत दुखतंय, डॉक्टरांना दाखवते म्हणायचीस आणि कुणाचा तरी फोन आला की तिकडे धावायचीस. शेवटी गेलीस ती थेट अतिदक्षता विभागात, आणि परत आलीच नाहीस. "आधी तू जेव, मग बाळाला घे," असं प्रत्येक आईला दटावणारी तू! स्वतःला का नाही दटावलंस?

आज सुनेला घेऊन आलेल्या सासूबाईंना मी आधीच फी सांगितली. त्या फणकारल्या, "शबाना असती तर पैसं मागितलं नसतं."

"म्हणूनच ती न्हाय आज, मावशी."

 सुनेच्या मांडीवरचं बाळ रडत होतं. मग मावशींनी कमरेचं पाकीट काढलं. "असं बोलू नगंस, बाई. घे. आन् हिला बघ आधी, लई दुखतंय तिला."

फार कठोर बोलले का गं? तू असतीस तर चिमटा काढला असतास. पण खोटं बोलले नाही.

शबाना, शब्द देते. फी घेईन, आधी सांगून घेईन. जिच्याकडे खरंच नाही, तिला परत पाठवणार नाही. जोडीला दुसरी बाई शिकवून तयार करीन. दुखलं-खुपलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जाईन. या कामापायी मी जीव देणार नाही. मला ते म्हातारी होईपर्यंत करायचं आहे.

तुझीच,
वंदना