लिस्बनात गंगारामचं नाव

मु. पो. मंडणगड
१० नोव्हेंबर २०२४

चि. हर्षद यास आईचे अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून पत्र. कागदावर हूं लिहून भागत नाय.

तुझा बापूस गेल्यावरची पहिली दिवाळी झाली. आपल्यात वर्षभर सण नाय, म्हणून शेजारणींनी फराळाची ताटं पाठवली. इतक्या घरच्या करंज्या खाल्ल्या, एकीलाही धड मुरड घालता येत नाय. तोंडावर छान म्हटलं. दुःखातल्या बाईनं खोटं बोललं तर चालतं.

आता तुझं खरं सांग. चिपळूणहून तुझी बहीण नम्रता आली होती. ती म्हणाली, तू ड्रमला हात लावत नायस, हॉटेलात भांडी घासतोस. भांडी घासायला लिस्बन कशाला, माझ्याकडे ढीग पडलाय.

तिकडची थंडी आणि माझी बोलणी, दोन्ही सोसत जा.
तुझी आई

लिस्बन
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आईस सा. न. वि. वि.

नम्रताच्या पोटात काही राहत नाही. पण तिनं सांगितलं ते खरं आहे.

बाबांना अग्नी दिल्यावर मी पोचलो. तेव्हा आप्पाकाकांनी बजावलं होतं, वर्ष सरेपर्यंत वाजप नाही, चामड्याला हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. बाबांचं तोंड बघायला मिळालं नाही, एवढं तरी पाळावं असं वाटलं.

पण अडचण आहे. माझा जोडीदार लामिन, आफ्रिकेतल्या गांबियाचा. तो कोरा वाजवतो. अर्धा भोपळा, त्यावर कातडं ताणलेलं, उभा दांडा आणि एकवीस तारा. तारा म्हणजे आपल्याकडे मासे धरायच्या गरीला लावतात तसली नायलॉनची दोरी. माझा जाझचा ड्रम आणि त्याचा कोरा एकत्र आणायला आम्ही दोन वर्षं झटतोय. अजून जमलेलं नाही, माझ्या काठ्यांखाली त्याचा आवाज बुडतो. फेब्रुवारीत इथल्या सभागृहात कार्यक्रम ठरलाय आणि बाबांचं वर्ष सरतं एप्रिलात. मी नाही म्हटलं तर सभागृहवाले दुसरा ड्रमवाला घेतील. मग लामिनच्या जोडीला कायमचा तोच.

लामिनचं घराणं पिढ्यान् पिढ्या लोकांची वंशावळ गाणारं. मी कारण सांगितलं तर तो बघतच राहिला. त्यांच्याकडे माणूस गेलं की तेव्हाच वाजवतात, त्याचं, त्याच्या आईबापाचं नाव गातात. गप्प बसणं हा अपमान. त्यानं विचारलं, मग तुझ्या वडलांचं नाव तुमच्याकडे कोण घेतं?

तू सांगशील तसं करीन. रागावू नकोस.
तुझा हर्षद

मंडणगड
२० डिसेंबर २०२४

चि. हर्षद यास आईचे अ. उ. आ.

भोपळा झाला, गरीची दोरी झाली, आता मासा तेवढा घाला म्हणावं त्याला, जेवणच होईल.

तुझं पत्र घेऊन आप्पाभावोजींकडे गेले. आधी ते माझ्यावरच गरजले. मी विचारलं, बाराव्याला तुम्ही भजनीमंडळ आणलंत, त्यांचा मृदंग काय कापडाचा होता? ते म्हणाले, ते गेलेल्या माणसासाठी होतं. मी म्हटलं, मग पोरगं कोणासाठी वाजवणार आहे? अडकित्ता हातात धरून बसले, सुपारी तशीच. मग म्हणाले, नाव घेऊन वाजवणार असेल तर वाजवू दे, करमणुकीचं नको.

आणि नावं सांगायला लागले. तुझ्या बापसाचं, मग त्याचा बाप शिवा, शिवाचा बाप सदू. मी विचारलं, हे सगळे काय करवंदीच्या जाळीतून निघाले? तेव्हा स्वतःच्या आईचं नाव सांगितलं, चिमा. शिवाच्या आईचं नाव मात्र आठवेना. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आले. कोण तिला सदूची बायको म्हणायचं, कोण शिवाची आई. नाव कोणालाच ठाऊक नाय. आप्पा त्या दिवशी जेवले नायत.

तुझ्या मित्रानं चांगलं विचारलंन. मी तर तुझ्या बापसाचं नाव उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच, एरवी घ्यायची रीत नाय. आज पहिल्यांदा लिहिते. गंगाराम. लिहिलं आणि उगाच दाराकडे बघितलं.

वाजव तू. माझं आणि आप्पांचं, दोघांचं सांगणं आहे.
तुझी आई

लिस्बन
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

परवा कार्यक्रम झाला.

तालमीत नावं गायची म्हटल्यावर काठ्या चालेनात, शब्दच कळेनात. शिमग्यात नमनाच्या खेळाला बाबा मृदंग वाजवायचे तेव्हा गाणाऱ्याचा दम ऐकून हात हलका करायचे, ते आठवलं. काठ्या खाली ठेवल्या. तळहातानं आणि तारेच्या ब्रशनं वाजवलं. तेव्हा लामिननं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं सदू म्हटलं, शिवा म्हटलं, चिमा म्हटलं. जिचं नाव माहीत नाही तिला मराठीतच शिवाची आई म्हटलं. मग गंगाराम आलं आणि माझे हात थांबले. आई, काही केल्या उचलेनात. लामिननं थांबवलं नाही. तेच नाव, तीच सुरावट, तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिला, माझी वाट बघत. एवढ्या सभागृहात नुसता कोरा आणि बाबांचं नाव. किती वेळ गेला कोण जाणे, मग माझा हात आपला आपण पडला. त्यापुढचं मला नीट आठवत नाही. पण कोरा बुडला नाही.

लोकांना वाटलं, ते तसंच बसवलेलं होतं. नम्रताच्या फोनवर रेकॉर्डिंग पाठवलंय, आप्पाकाकांना ऐकव. आता आम्ही दोघं असंच वाजवणार.

तुझी बोलणी अशीच येऊ देत.
तुझा हर्षद

मंडणगड
६ मार्च २०२५

चि. हर्षद यास आईचे अ. उ. आ.

नम्रता आली तेव्हा आप्पांना ऐकवलं. फोन कानाला असा दाबून धरला होता की मला वाटलं कानातच जाईल. पहिल्यांदा म्हणाले, गंगारामचा गं नीट लागला नाय. दुसऱ्यांदा ऐकलं आणि उठले, पडवीत गेले, अंगणाकडे तोंड करून उभे राहिले.

मग हाक मारली आणि म्हणाले, त्या माणसाला कळव, माझं नाव आप्पा नाय, हरिश्चंद्र. माझी वेळ येईल तेव्हा आप्पा आप्पा करील आणि घोटाळा होईल. मी हसले, म्हटलं भावोजी, तुमची एवढी घाई कसली. ते हसले नायत.

घरी आले आणि माझंही हसू गेलं. मालन हे माझं तुझ्या बापसानं लग्नात ठेवलेलं नाव. तू कधी विचारलं नायस, मी कधी सांगितलं नाय. माहेरी मी शेवंती. त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नाय. लामिनला शिकवून ठेव. गायची घाई करू नका रे, मी आहे अजून. पण एकदा म्हणून बघायला सांग त्याला, आणि तू ऐक.

माया राहू दे.
तुझी आई
शेवंती