गेल्या तीन चिठ्ठ्या

मंगळवार, १४ ऑक्टोबर
सकाळचे दहा

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. फोनवर तू मधेच प्रश्न विचारतेस आणि मी भलतंच सांगून बसतो, म्हणून मीही लिहूनच कळवतोय.

मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे. छताचा पत्रा वाजत होता, तो ठोकून घेतला. गोळ्या घेतो. एकच गोळी दोनदा तर घेत नाही ना, अशी धास्ती वाटते, म्हणून पाकिटावर वार लिहून ठेवलेत.

येत्या रविवारी दुकानातली दहा-बारा गिऱ्हाइकं कोंबड्या बघायला आणतेस म्हणालीस. आणू नकोस. अंगणात चिखल आहे. खुर्च्या तीनच. शिवाय कोंबड्या लहान मुलांना चोच मारतात.

चिखल तसा फारसा नाही.

तुझ्या दुकानात प्रत्येक वस्तूसोबत ती कुठून आली याची चिठ्ठी असते, आणि ती ज्याची वस्तू त्यानंच लिहायची, हा तुझा नियम. मी सातवी शिकलेला, तरी दर आठवड्याला अंड्यांसोबत लिहीत आलो : 'आमच्या अंगणातल्या कोंबड्या. खाणं मक्याचा भरडा, भाजीची देठं आणि सापडतील ते किडे.' गेल्या तीन चिठ्ठ्या खोट्या आहेत. ती अंडी मी घाऊक बाजारातून आणली. त्यांच्यावर शिक्का होता, तो लिंबानं घासून काढला. मग ती फारच स्वच्छ दिसायला लागली, म्हणून भुशात लोळवली. टेम्पोवाला ट्रे उचलताना म्हणाला, "काका, अंडी साच्यातून काढलीत का? सगळी एका मापाची!" मी म्हटलं, "कोंबड्यांना शिस्त लावलीय." तो हसला, मीही हसलो. मग दुपारी जेवण गेलं नाही.

कोंबड्या चारच उरल्यात. अकरांना कोल्ह्यानं मारलं. काही नेल्या, काही तिथंच टाकल्या. शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी खड्डा खणायला मदत केली. त्या म्हणाल्या, "जाळी कुठून फाटली ते आधी बघा हो." जाळी कुठंच फाटलेली नव्हती. मी "बघतो" म्हटलं आणि त्या गेल्यावर पक्कड घेऊन एका कोपऱ्यात थोडी तोडून ठेवली.

दार माझ्याकडूनच उघडं राहिलं. कडी लावल्याचं मला अगदी स्वच्छ आठवतं, आणि ती लावलेली नव्हती. गेल्या वर्षी गॅस चालू राहिला तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाबा, पुन्हा असं काही झालं तर मी ऐकून घेणार नाही. सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं." अंडी पाठवणं थांबवलं असतं तर तू कारण विचारलं असतंस.

तू नोकरी सोडून हे दुकान काढलंस. लोक लांबून येतात ते चिठ्ठी वाचून. एक बाई आजारातून उठलेल्या मुलीला फक्त 'आजोबांची अंडी' देतात, असं तू लिहिलंस. ते वाचलं आणि माझा धीर सुटला. अंडी चांगली होती, पोरीला काही होणार नाही. पण त्या बाईंना कुठली अंडी खाऊ घातली हे ठाऊक नाही. त्यांना आणि बाकीच्यांना हे पत्र वाचून दाखव. माझी बाजू सावरू नकोस.

रविवारी त्यांना यायचं असेल तर येऊ देत. चार कोंबड्या दाखवीन, न लावलेली कडीही दाखवीन. सगळे गेल्यावर तू मात्र थांब. सामानाचं काय ते बोलू. मला हे अंगण सोडवत नाही, एवढं माझं म्हणणं. पण या वेळी तू म्हणशील ते मी ऐकेन.

आज टेम्पोत ट्रे नाही. हे पत्रच पाठवतोय.

अजून इथेच असलेले,
तुझे बाबा