हेम्प म्हणजे ताग

४ मार्च, सोमवार
रोजनिशी सुरू. कारणच तसं आहे. सूनबाईने नर्स, केमिस्ट, वकील अशा शिकलेल्या लोकांसाठी क्लास काढला आहे. विषय हेम्प आणि कॅनाबिस, म्हणजे भांग आणि गांजा. शिवाय हल्ली एआय त्याबद्दल जे वाट्टेल ते सांगतं, त्यातलं खरं कसं ओळखायचं. घरात हे शब्द मोठ्याने बोलतात. मी खिडक्या लावून घेतो.
येत्या शनिवारी हेम्पच्या धाग्यावर बोलायला येणारे पाहुणे आजारी पडले. पहिलीच बॅच, फसली तर कॉलेज क्लास बंद करणार. सूनबाई डोक्याला हात लावून बसली. मी म्हणालो, मी बोलतो. जन्मभर तागाचे दोरखंड विकले, दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत ‘हेम्प रोप’ होतं. चिरंजीव हसले. सूनबाई म्हणाली, चालेल बाबा, पण धागा, पीळ, गाठ, एवढंच बोला. दहा मिनिटं.
दहा मिनिटांत माझी प्रस्तावना होईल.

५ मार्च
संकल्प: पहाटे उठून अभ्यास. उठलो आठला. गुडघा.
सूनबाई म्हणाली होती, अडलं तर मला विचारा. तिला कशाला त्रास? मोबाइलवर एआयला विचारलं, ताग म्हणजेच हेम्प ना? उत्तर आलं, ‘उत्तम प्रश्न! होय, अगदी बरोबर.’
सातवीपर्यंत शिकलो. एकाही मास्तरांनी मला उत्तम प्रश्न म्हटलं नाही. हिला दाखवलं. ही म्हणाली, त्याला हो म्हणायला काय जातंय, त्याला तुमच्याशी संसार थोडाच करायचाय.

६ मार्च
झोप नाही. ताग म्हणजे हेम्प, हेम्प म्हणजे भांगेचं झाड. म्हणजे मी जन्मभर भांग विकली! तीही उघड्यावर, पाटी लावून. पोलिसांना कळलं तर?
चिरंजीव लहानपणी दुकानात बसून दोर चघळायचे. गणितात का गटांगळ्या खाल्ल्या, ते आज कळलं.
वाळत घालायचा दोर तागाचाच. गुपचूप सोडून माळ्यावर टाकला, जागी प्लॅस्टिकची सुतळी बांधली. दुपारी ती तुटली. धुतलेल्या चादरी चिखलात. हिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

७ मार्च
सूनबाईने भाषण पाहायला मागितलं. म्हटलं, सरप्राइज आहे. मग म्हणाली, एआयचं सांगणं परत तपासून घेतलंत ना? मी म्हणालो, दोनदा. त्यालाच दोनदा विचारलं होतं.

९ मार्च, शनिवार, सकाळ
घसा बसल्यासारखा वाटतो. ही म्हणते, तसं नशीब कुठलं.

९ मार्च, संध्याकाळ
झकास! दहाऐवजी चाळीस मिनिटं बोललो. पेंगणारे सगळे ताठ बसले, भराभर लिहून घेत होते. पुढची नर्सबाई तोंडाला पदर लावून थरथरत होती. भारावली असावी. एका वकिलांनी विचारलं, दोर चघळला तर खरंच नशा चढते का? मी घरचंच उदाहरण दिलं. टाळ्या!
सूनबाई लालबुंद झाली होती, अभिमानाने. तिने हळूच माइक घेतला आणि सगळ्यांना म्हणाली, आता मोबाइल काढा. पुढचं ऐकलं नाही. मला बाथरूमला जायचं होतं.

११ मार्च
क्लास चालू ठेवायला कॉलेज तयार! सूनबाई म्हणाली, बाबा, आता प्रत्येक बॅचला तुम्ही हवेच. पण एक शब्दही बदलायचा नाही. मोठ्या कलावंतांना असंच सांगत असतील.
संकल्प: नवा कोट. हिला म्हटलं, यापुढे मला ‘सर’ म्हणत जा. हिने जुना कोट उन्हात टाकला. माळ्यावरून परत काढलेल्या तागाच्या दोरावर.

१३ मार्च
गुडघ्याचं मलम आणायला मेडिकलमध्ये गेलो. केमिस्ट माझ्या क्लासातला निघाला. हात जोडून म्हणाला, आजोबा, काय ॲक्टिंग करता! इतकं चुकीचं इतक्या ठासून बोलायचं म्हणजे खायचं काम नाही. मॅडमनी मोबाइलवर चुका शोधायला लावल्या, तेव्हा मी चौदा काढल्या, वकीलसाहेबांना नऊच सापडल्या. त्यांना तर ताग आणि भांग ही दोन वेगळी झाडं आहेत, हेसुद्धा माहीत नव्हतं.
मी म्हणालो, अरेरे.
मलम विसरून घरी आलो. एआयला विचारलं, ताग आणि हेम्प वेगळे आहेत का? ‘उत्तम प्रश्न! होय, पूर्णपणे वेगळे.’ त्या दिवशी उलट का सांगितलंस? ‘तुमचं बरोबर आहे, क्षमस्व.’
मोबाइल उशीखाली घातला. जेवलो नाही. सूनबाई खोलीत येऊन बसली. म्हणाली, बाबा, मशीन चुकतं हे मी तासभर सांगत होते, लोक पेंगत होते. तुम्ही बोललात आणि पटलं. नाहीतर क्लास बंदच पडला होता. शनिवारी याल ना? बाहेरून ही ओरडली, येतील की, त्यांना काही वेगळं करायचंय का?
हो म्हटलं.
पण आता खरं काय ते माहीत झालं आहे. शनिवारी तोंडून काही बरोबर निघून गेलं तर?