बशीतला निळा

बाबा,

आज आपल्या इंदूरच्या सगळ्या नकाशांना मी रंग दिले. हाताने नाही. संगणकात घरं, रस्ते, पाणी असे नकाशाचे थर वेगवेगळे असतात. कुठल्या थराला कोणता रंग, ते मी एका स्क्रिप्टमध्ये लिहिलं, ती चालवली आणि चहा प्यायला उठले. परत आले तर काम झालेलं. तुम्हा ड्राफ्ट्समन लोकांचा यात अख्खा उन्हाळा जायचा.

माझ्या लहानपणचं अजून डोळ्यांसमोर आहे: सुदामा नगरच्या घरात तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर नकाशे पसरून बसला आहात. आई करवादते आहे, कारण तिच्या चहाच्या बशीत तुम्ही निळा कालवलाय. सगळ्या कागदांना पुरेल एवढा, एकदाच. तो संपत आला तशी मी मोठ्या उत्साहाने आणखी कालवायला घेतला, तर तुम्ही माझा हात धरलात. "रुक, बेटा! दुसऱ्यांदा कालवलेला सेम येत नाही. एकच नदी दोन रंगांची दिसेल ना!" मी गाल फुगवून बसले. मग रात्री सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांत नेऊन जलेबी खाऊ घातलीत, तेव्हा कुठे रुसवा गेला.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पाण्यासाठी मला तुमचाच निळा हवा होता. तुमच्या हातचा एकच नकाशा घरात उरलाय. तो स्कॅन केला आणि नदीवरून रंग उचलला. वरच्या टोकाला वेगळा, मध्ये वेगळा, घडीवर तर जवळजवळ पांढरा. एवढं जपूनही नदी शेवटी नाना रंगांची झालीच, बाबा. मला तिथेच, ऑफिसात, रडू आलं.

त्यातला सर्वांत गडद घेतला. साहेबांनी पाहिलं. "मॅडमजी, नीला तो अच्छा है, पण स्टँडर्डमध्ये बसत नाही. बदलून टाका ना." मी स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. साऱ्या शहराचं पाणी क्षणात दुसऱ्याच रंगाचं झालं.

जुनी ओळ मी पुसलेली नाही. तिच्यापुढे एक खूण केली आहे, म्हणजे संगणक ती न वाचता पुढे जातो. हे पत्रही तसंच राहील, पाठवणार कुठे? पण एक सांगायचं राहिलं. त्या ओळीतला निळा तुमचा नाहीच, विटलेल्या कागदाचा आहे. बशीतला ओला निळा कसा होता, ते मला आता आठवत नाही.