आबांच्या आवाजातलं कार्टून

आबा,

तुमचं ते बेडकांच्या लग्नाचं कार्टून परवा धुळ्याला घरच्या टीव्हीवर पाहिलं. जत्रेतल्या तंबूत मोठ्या पिक्चरच्या आधी तुम्ही लावायचात तेच, काळंपांढरं, परदेशी गाण्यांचं. मुलाने पुण्याहून ते रीळ टीव्हीवर दिसेल असं करून आणलं आणि जत्रेत टेप केलेल्या तुमच्या कॅसेटवरचा आवाज त्याला जोडून घेतला. तुमचा आवाज म्हणून आमच्याकडे तेवढी एकच कॅसेट उरली आहे. नातीने पणजोबांना एकदा ऐकावं, एवढंच माझ्या मनात होतं.

खरं सांगू, चित्र अजून भारी आहे. हल्लीच्या कार्टूनांत सगळे नुसते कोकलत असतात. इथे ढोलावर काठी पडते तेव्हाच बेडकाचा गुडघा वाकतो, आणि हे कोणीतरी एकेक चित्र हाताने काढून जमवलेलं. इंग्रजी गाणी आपल्या लोकांना कळायची नाहीत, म्हणून तुम्ही मशीनचा आवाज बारीक करायचात, माईक तोंडाशी धरायचात आणि अहिराणीत सुरू व्हायचात, "बेडकासनं लगीन शे, चला बठ्ठा जेवाले." चाळीसगावकडच्या जत्रांत लोक हिरोपेक्षा तुमच्यासाठी तिकीट काढायचे. माझा बाप म्हणून मला केवढा तोरा होता त्याचा. परवा नातही टाळ्या वाजवत होती, सून हसत होती.

मग जेवणावळीत जंगलातली माणसं येतात. मी ती विसरलो नव्हतो, फक्त त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. काळीकुट्ट, जाडजाड ओठांची, अंगाला पानं गुंडाळलेली, कढईभोवती उड्या मारणारी. चित्रकाराने बेडकांना वेगवेगळे चेहरे दिलेत, ह्या सगळ्यांना मिळून एकच. आणि वर तुमचा आवाज, "देखा, आपली भिलाटीबी उनी नाचाले." गावाबाहेरची भिल्लांची वस्तीच नाचायला आली म्हणे. त्यावर तंबू फाटेल एवढा हशा. कॅसेटवर तो बराच वेळ चालतो.

आमची सून शिरपूरकडची, भिल्लांच्या घरातली. शाळेत शिकवते. तुम्ही असतात तर हे लग्न होऊ दिलं असतं का, मला ठाऊक नाही. तिने टीव्ही बंद केला आणि नातीला कडेवर घेतलं. जुना काळ होता, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, असं मी काहीबाही बोललो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझे वडील सांगायचे, जत्रेत असा तंबू लागला की तेही तिकीट काढून बसायचे. सगळे हसले की तेही हसायचे. न हसून जाणार कुठे?" तो तंबू तुमचाच होता, असं काही ती म्हणाली नाही.

मुलगा म्हणतो, तेवढा तुकडा कापून टाकू. सून नको म्हणते. पोर मोठी झाली की सगळंच्या सगळं दाखवीन आणि काय आहे ते मीच सांगेन, तोवर तिला हा आवाज ऐकवायचा नाही, असं तिने ठरवलंय. तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. मला तुमचा राग येतो आबा, आणि तुम्हाला कोणी नावं ठेवली तर अजूनही सहन होत नाही.

काल सून शाळेत गेल्यावर मी एकट्यानेच ते पुन्हा लावलं. ती माणसं आली, तुम्ही ते वाक्य बोललात, आणि तंबूतल्या लोकांच्या आधी मी हसलो. तिला हे सांगायची माझी छाती नाही. तुम्हाला लिहिलं, कारण हे कुठे पोचणार नाही.